ताईची काळी चार

आमच्या ग्रुपमध्ये आम्ही तिघंच होतो: ताई, दादा आणि मी. चौथे पप्पा, पण ते गायचे नाहीत, हुकूम सोडायचे. सिडनीच्या पश्चिमेकडच्या क्लबांमध्ये आम्ही वीसेक वर्षं सोल आणि डिस्को गायलो, आणि एवढ्या वर्षांत प्रत्येक नव्या मॅनेजरने पहिल्या भेटीत एकच विचारलं, "यू गाइज डू बॉलिवूड, राइट?" ताई हसून सांगायची, "नो, वी डू सोल." मला हसू यायचं नाही. मला वाटायचं, याच्या हातातलं ते वेळापत्रक घ्यावं आणि त्याच्याच डोक्यात घालावं.

ताई पुढे उभी राहायची. दादा कीबोर्ड वाजवायचा आणि खालच्या पट्टीतला आवाज द्यायचा. मी मधली. माझं काम ताईच्या सुराखाली सूर धरायचा, तिच्या पुढे जायचं नाही आणि मागेही पडायचं नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही असं मी लोकांना सांगते. वाटायचं की, थोडं वाटायचंच. पण ताईचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल की तिच्या शेजारी उभं राहायला मिळणं हेसुद्धा कमी नव्हतं.

हे सगळं सुरू झालं पप्पांमुळे. आजोबांची चेंबूरच्या वस्तीत गायन पार्टी होती. जयंतीला ते गाडीवर उभे राहून गायचे आणि लहानपणी पप्पा त्यांच्यामागे कोरसमध्ये असायचे. पुढे पप्पा इंजिनियर झाले, आम्हाला घेऊन सिडनीला आले, पेंडल हिलला स्टेशनजवळ घर घेतलं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. एका शनिवारी त्यांनी जुन्या सामानाच्या दुकानातून रेकॉर्ड प्लेअर आणला आणि सोबत खोकंभर रेकॉर्ड. सगळ्या अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या, सोल म्हणतात त्या गाण्यांच्या. शब्द पप्पांना अर्धेच कळत होते. पण गॅरेजमध्ये ते उभ्याउभ्या ऐकत राहिले, आणि मग आम्हाला हाका मारून म्हणाले, "अरे, ही तर आपलीच माणसं आहेत!"

मम्मीने विचारलं, "आपली म्हणजे कुठली?"

"ज्यांना मान खाली घालायला लावली आणि जी मान वर करून गायली, ती," पप्पा म्हणाले. "बाबांच्या पार्टीत असंच गायचे. अगदी असंच!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमची प्रॅक्टिस सुरू. मुलं शनिवारी क्रिकेट, नेटबॉल खेळायची आणि आम्ही गॅरेजच्या बंद शटरकडे तोंड करून एक पाऊल डावीकडे, दोन उजवीकडे. पप्पा मागून ओरडायचे, "मान वर! पायाकडे काय बघतेस, पळून जाणारेत का पाय?" मम्मीने निळ्या टिकल्यांचे ब्लाउज शिवले आणि दादाला त्याच कापडाचं जाकीट. दादाने ते पहिल्यांदा घातलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं अजिबात नव्हे.

पप्पांना सूर शिकवायची एकच पद्धत माहीत होती, पेटीची. पेटीवर पाच काळ्या पट्ट्या, सात पांढऱ्या, आणि माणसाचा आवाज कुठल्या पट्टीत बसतो त्यावरून त्याची ओळख. दादा पांढरी एक. मी काळी दोन. ताई काळी चार. ताईचं शेवटचं गाणं, पप्पांनीच शब्द लिहिलेलं, अर्धं इंग्रजी आणि अर्धं मराठी, ते काळी चारमध्येच असायचं. त्यात अखेरीला एक लांब ओळ वरवर चढत जायची आणि तिथे क्लबमधले बिअर पिणारे म्हातारे ग्लास खाली ठेवायचे. आमचा ड्रमर इथलाच, गोरा. सुरुवातीला त्याने विचारलं, "व्हॉट की, मेट?" ताई म्हणाली, "काळी चार." ड्रमला काय पट्टी लागते! पण त्याने ते तोंडपाठ केलं, आणि पुढे वीस वर्षं स्टेजवर चढताना तोच ओरडायचा, "काली चार, लेडीज!"

त्यात एक रिवाज होता. गाणं सुरू व्हायच्या आधी ताई वळून दादाच्या हाताकडे बघायची. दादा बोट काळी चारवर ठेवायचा, सूर द्यायचा, ताई मान हलवायची. बोट दिसल्याशिवाय तिने कधी तोंड उघडलं नाही. आम्ही तिची टिंगल करायचो, "अगं, बघतेस काय, ऐकायचं असतं ते!" ती म्हणायची, "मला दोन्ही लागतं."

आम्ही फार मोठे झालो नाही, पण अगदीच काही झालो नाही असंही नाही. जयंतीच्या कार्यक्रमापासून सुरुवात झाली, मग एक बहुभाषिक मेळावा, मग क्लब. एकदा अमेरिकेहून आलेल्या एका मोठ्या गायिकेच्या कार्यक्रमाआधी वीस मिनिटं गायला मिळालं. तिने आत जाताना ताईचा गाल धरला आणि म्हणाली, "कुठून आणलास गं हा आवाज?" ताईने सांगितलं, "चेंबूर." टीव्हीवरच्या एका स्पर्धेत दुसऱ्या फेरीत बाहेर पडलो, कारण परीक्षकांना आम्ही नक्की काय आहोत ते ठरवता आलं नाही. एक सीडी निघाली. तिचे उरलेले खोके अजून माझ्या गॅरेजमध्ये आहेत. मग क्लबांनी गाणारी माणसं बोलावणं कमी केलं, आमची लग्नं झाली, मम्मी गेली. ताई भाऊजींबरोबर कॅसल हिलला राहायला गेली, मला वेस्टमीडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, दादा आयटीत. तरी महिन्यातून दोन कार्यक्रम असायचे. आपल्या लोकांच्या पन्नाशीच्या पार्ट्या, रेट्रो नाइट, दिवाळी. कीबोर्ड, ड्रम आणि आम्ही तिघं. ताई शाळेत शिकवायची, पण कोणी विचारलं काय करतेस, तर सांगायची, "मी गाते."

दोन वर्षांपूर्वी अशाच एका पन्नाशीच्या पार्टीत ताईची ती शेवटची ओळ मध्येच तुटली. ती हसली, हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत बसल्यावर म्हणाली, "घसा बसलाय." पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने ती ओळ गायलीच नाही, माइक लोकांकडे धरला. घरी जाताना आरशाकडे बघत राहिली.

आता ताईचा स्वभाव सांगायला हवा. तिला कोणी काही सांगायची सोय नव्हती. एकदा पप्पा नुसतं म्हणाले होते, "आज जरा ओढून गायलीस," तर बाईसाहेब सहा महिने प्रॅक्टिसला आल्या नाहीत. त्यामुळे चौथ्या कार्यक्रमाला, ताई आत कपडे बदलत असताना, दादाने मला कीबोर्डजवळ बोलावलं. त्यावर एक बटण असतं, ट्रान्सपोज. ते दाबलं की पट्ट्या त्याच, बोटं त्याच जागी, पण येणारा सूर अर्धा उतरतो.

"बोट काळी चारवरच राहील," दादा म्हणाला. "तिला दिसेल काळी चार. कळणार नाही."

आणि त्याने माझ्याकडे बघितलं. दादा लहानपणापासून असाच. करायचं असतं त्याला, पण कोणीतरी हो म्हणावं लागतं.

मी म्हणाले, "दाब."

त्या दिवशी ताई काय गायली! शेवटची ओळ लख्ख गेली वर. खाली उतरली तेव्हा गाल लाल झाले होते. मला मिठी मारून म्हणाली, "बघितलंस? उगाच घाबरले होते मी." मीही तिला घट्ट धरलं. खोटं कशाला बोलू, मला फार फार बरं वाटलं. आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटलं.

तीन-चार महिन्यांनी अर्धा सूर अजून खाली. मग अजून एकदा. ताईचा आवाज एव्हाना बोलतानासुद्धा खरखरत होता. फोनवर लोक तिला भाऊजी समजायचे. मी म्हणाले, ज्येष्ठमध चघळ. मी म्हणाले, हळद-दूध घे. मी, जी रोज लॅबमध्ये लोकांच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवून त्यांचे पातळ काप करते, म्हणजे डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली बघता यावेत! आमच्या लिफ्टमध्ये एक पत्रक चिकटवलेलं आहे. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसला असेल तर डॉक्टरांना दाखवा. दिवसातून चार वेळा मी त्या लिफ्टने वरखाली करायचे. वाचायचेसुद्धा. ते मला कोणा दुसऱ्यासाठी लिहिलेलं वाटायचं.

एकदा धीर करून मी बोलले. आम्ही गाडीत होतो, दिवाळीच्या कार्यक्रमाला निघालो होतो. दादा चालवत होता, ताई पुढे, मागे मी आणि माझी लेक.

"ताई, एकदा दाखवून घे ना घसा."

"कशाला?" ताई म्हणाली. "खरखर आहे थोडी, वय झालं आता. पण सूर लागतोय ना? अजून काळी चारला गाते मी. घशात काही असतं तर काळी चार लागली असती का? तूच सांग."

आरशात दादाचे डोळे दिसले. त्याने लगेच रस्त्याकडे वळवले. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. लागत नाही गं काळी चार, तीन पट्ट्या खाली आणलंय आम्ही तुला. ते तोंडापर्यंत आलं आणि मी म्हणाले, "तेही खरंच आहे."

गाडीतून उतरल्यावर लेक माझ्या कानात म्हणाली, "मम्मा, जस्ट टेल हर." तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मी तिच्यावर खेकसले, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नको." पंधरा वर्षांची पोर, तिला जे कळलं ते मला कळलं नाही. त्याच कार्यक्रमात दादाने चौथ्यांदा बटण दाबलं.

मग ताईला गिळताना दुखायला लागलं. एका सकाळी थुंकीत रक्त आलं, तेव्हा ती स्वतःच डॉक्टरकडे गेली. तिथून तज्ज्ञाकडे, तिथून दुर्बीण, तिथून घशातला तुकडा काढून तपासणी. तो तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. बाटलीवरचं ताईचं नाव मी दोनदा वाचलं. आमच्या साहेबीणबाईंनी ती हळूच माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "गो होम, लव्ह." मी घरी गेले नाही. खाली कार पार्कमध्ये गाडीत बसून राहिले, तीन तास. पुढे काय होणार ते मला अहवाल यायच्या आधीच कळलं होतं.

डॉक्टरांकडे आम्ही तिघंही गेलो. माणूस चांगला होता, घाई केली नाही त्याने. गाठ स्वरयंत्रात खोलवर पसरली आहे, म्हणाला. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वासासाठी गळ्यात भोक राहील. जीव वाचायची आशा चांगली आहे. आवाज मात्र जाईल.

ताईने विचारलं, "आणि लवकर आले असते तर?"

त्याने समोरची फाइल मिटली. मग म्हणाला की एक-दीड वर्षापूर्वी सापडलं असतं तर बहुतेक नुसत्या रेडिएशनवर भागलं असतं.

"पण डॉक्टर, मी नीट गात होते," ताई म्हणाली. तिला ते त्याला पटवायचंच होतं. "माझ्या नेहमीच्या पट्टीत. गेल्या दिवाळीपर्यंत."

त्याने सहानुभूतीने मान हलवली. दादा खिडकीतून बाहेर बघत होता. मी टेबलावरच्या टिश्यूच्या खोक्यावरची फुलं मोजत होते. त्या खोलीत एकटी ताई तेवढी खरं बोलत होती, आणि तिचंच खोटं होतं.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं की आवाज आहे तोवर रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. ती फोनमध्ये घालता येतील, नंतर बोट लावलं की तुमच्याच आवाजात ऐकू येतील. वाक्यांची यादी मी केली. मराठीत, कारण घरी ती मराठीच बोलते. चहा टाक. दार लावलंस का. भूक नाही. पप्पांना औषध दिलं का. आवाज कमी कर. किती बडबड करतेस गं. नव्वद वाक्यं झाली. ताई रोज थोडी थोडी बोलायची, दम लागायचा, थांबायची, आणि एखादं वाक्य मनासारखं आलं नाही की पुन्हा म्हणायची. चहा टाक हे तिने सहा वेळा म्हटलं.

त्या बाईंनी असंही सुचवलं होतं की जुन्या गाण्यांची रेकॉर्डिंगं एकत्र करा, म्हणजे घरात राहतील. म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही ताईच्या घरी जमलो. पप्पा सोफ्यावर, दादाने लॅपटॉप आणलेला. दादाला अक्कल नाही, त्याने सगळी रेकॉर्डिंगं तारखेप्रमाणे लावली होती. आणि मलाही ते वेळेवर सुचलं नाही. शेवटचं गाणं, आधी दहा वर्षांपूर्वीचं. संपल्यावर त्याच्या पाठोपाठ आपोआप पुढचं. मग त्याच्या पुढचं.

"थांबव," ताई म्हणाली.

दादाने थांबवलं.

"मागचं लाव. आता हे लाव."

तिने उठून पप्पांची पेटी पुढे ओढली, भाता मारला आणि काळी चार दाबली. जुन्या रेकॉर्डिंगशी सूर जुळला. मग नवीन लावायला सांगितलं. काळी चार जुळेना. तिने बोट एक पट्टी खाली नेलं, पांढरी पाच. पुढचं रेकॉर्डिंग, काळी तीन. पुढचं, पांढरी चार. दिवाळीचं लावलं तेव्हा तिचं बोट पांढरी तीनवर गेलं आणि तिथेच राहिलं. भात्यातली हवा संपेपर्यंत तो सूर वाजत होता.

"कोणी?" तिने विचारलं.

"बटण मी दाबलं," दादा म्हणाला.

"दाब म्हणून मी सांगितलं," मी म्हणाले.

"पप्पांना माहीत होतं?"

पप्पांना हल्ली ऐकू कमी येतं. पण सूर त्यांना तरीही कळतो. त्यांनी हात जोडले. बापाने लेकीपुढे हात जोडलेले मी पहिल्यांदा बघितले, आणि ताईने उठून ते खाली केले. मग माझ्याकडे वळली.

"मी डॉक्टरांना काय सांगत होते ते ऐकत होतीस ना तू?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावायला लागली.

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने. शिव्या दिल्या असत्या, हाकलून दिलं असतं, काहीही चाललं असतं मला. उरलेल्या दहा दिवसांत ती भाऊजींशी बोलली, पप्पांशी बोलली, दादाशीसुद्धा थोडं बोलली. माझ्याशी नाही. मी रोज जायचे, भाजी चिरून द्यायचे, उरलेली वाक्यं रेकॉर्ड करायला बसायचे. ती माझ्या यादीतली वाक्यं माइकमध्ये म्हणायची, मग माइक बंद करून उठून जायची. मीच लिहिलेलं तेवढं मला तिच्या तोंडून ऐकायला मिळत होतं.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही सगळे तिच्या पलंगाभोवती उभे होतो. प्रत्येकाला वाटत होतं ती काहीतरी बोलेल. भाऊजींनी तर फोन रेकॉर्डिंगवर ठेवला होता. ती सगळ्यांकडे बघून हसली, पप्पांचा हात दाबला. वॉर्डमधला माणूस पलंग ढकलत दाराशी आला आणि चाक चौकटीवर आपटलं. तो बिचारा ओशाळून सॉरी म्हणाला.

"नो वरीज, मेट," ताई म्हणाली.

आणि दार बंद झालं. तिच्या आवाजातलं शेवटचं वाक्य त्या माणसाला मिळालं. त्याला त्याचा पत्ताही नसेल.

ऑपरेशन चांगलं झालं. सगळे असंच म्हणतात, आणि खरंही आहे ते. गाठ पूर्ण निघाली. दोन महिने झाले, ताई हिंडतेफिरते, बागेत पाणी घालते, गळ्यावर सुती रुमाल बांधते. परवा दुपारी मी गेले तेव्हा घरात दोघीच होतो. फोनमधून तिने मला चहा टाक म्हटलं, मी टाकला. बिस्किटं काढली. ती खिडकीजवळ बसली होती. मी समोर बसले आणि इतके दिवस आत साठलेलं सगळं बोलून टाकलं. म्हणाले, "ताई, चुकलं माझं. दादाचं नाही, माझं. गाडीत तू विचारलंस तेव्हा मी सांगायला हवं होतं. तुझा आवाज माझ्यामुळे गेला." रडायचं नाही असं ठरवून आले होते, ते काही जमलं नाही.

ताईने फोन उचलला. वाक्यांची यादी उघडली आणि बोटाने वर सरकवायला लागली. मी डोळे पुसून बघत राहिले. हळूहळू ती खाली खाली गेली, शेवटच्या वाक्यापर्यंत. मग पुन्हा वर, पहिल्यापर्यंत. ती यादी मला पाठ आहे, मीच केली ती. माफ केलं असं वाक्य त्यात नाही. माफ करणार नाही, असंही नाही. दोन्ही मला सुचलं नव्हतं.

टाइप करता आलं असतं तिला. तिने फोन मांडीवर उलटा ठेवला आणि चहा प्यायली.